उंची मोजणाऱ्या सिस्टर

माझी उंची पाच फूट सहा इंच आहे. हे मी इतक्या खात्रीनं सांगू शकतो, कारण आमच्या सिस्टरनं ती माझ्या नोकरीच्या पहिल्या दीड वर्षात चौदा वेळा मोजली. त्यातल्या दोनदा ती पाच-पाच भरली, पण तेव्हा चूक माझी होती आणि मी मान खाली घालून उभा होतो.

सिस्टरचं नाव मी सांगणार नाही. गावाचंही सांगणार नाही. तिकोना किल्ल्याच्या पायथ्याला, पवना धरणाच्या पाण्याकडेला चार-पाच गावं आहेत, त्यातलं एक धरून चाला. नाव सांगितलं तर त्यांना कुठून तरी कळेल आणि मग त्या आता राहतात त्या देहूरोडहून फोन येईल की, "बाळा, नावं कशाला लागतात रे? गोष्ट सांगायची तर गोष्ट सांग." कुणाचंही नाव तोंडातून काढायची या बाईंना मनापासून नावड होती. पेशंटबद्दल बोलताना त्या "एक जण" एवढंच म्हणत. एका जणाला आज बरं वाटलं. एक जण गोळ्या विसरला. एका जणाला लोणावळ्याला दवाखान्यात न्यायचंय. पहिले काही दिवस माझी अशी समजूत होती की अख्ख्या गावात एकच पेशंट आहे आणि त्या बिचाऱ्याला फार आजार आहेत.

मी मूळचा लोणावळ्याचा. आरोग्यसेवक म्हणून पहिली नेमणूक त्या धरणाकाठच्या गावातल्या उपकेंद्रात झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं असं मला वाटत असे. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढं ओटा, मागं पाण्याची टाकी. सिस्टर तिथं अकरा वर्षं ठाण मांडून होत्या. उंची जेमतेम पावणेपाच फूट, अंगात मे महिन्यातसुद्धा निळं स्वेटर, आणि आवाज धरणाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा. त्यांचे वडील देहूरोडच्या डेपोत कामाला होते. घरात असा नियम होता की जेवताना प्रत्येक पोरानं निदान एक प्रश्न विचारायचा. प्रश्न नसेल त्याला भाजी दुसऱ्यांदा मिळत नसे. सिस्टर सांगत, "मला भेंडी आवडायची, म्हणून मी एवढी शिकले."

रुजू झालो त्याच दिवशी त्यांनी विचारलं की वयात येणाऱ्या मुलामुलींशी बोलणं हेही तुझं काम आहे, तर तुला शब्द येतात का. मी म्हणालो, येतात. मग म्हण, म्हणाल्या. मी "मासिक पाळी"च्या "मा"वर आलो आणि मला ठसका लागला. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि शांतपणे वाट पाहिली. मी पाणी प्यालो, पुन्हा "मा" म्हणालो, पुन्हा ठसका. आमच्या घरी त्याला "अडचण" म्हणत, आणि ती कुणाला आली, कसली आली, कधी जाणार, हे विचारायची सोय नव्हती. शेवटी सिस्टरनं वहीच्या कागदावर बारा शब्द लिहून दिले, शरीराच्या भागांचे आणि त्या वयात होणाऱ्या बदलांचे, आणि रोज सकाळी येताना मोठ्यानं म्हणत यायला सांगितलं. "जो शब्द विचारायला पोरानं आठ दिवस हिंमत गोळा केली, तो ऐकून तू खोकलास, तर ते पोर परत येणार न्हाई," त्या म्हणाल्या.

मी हेल्मेटच्या आत म्हणू लागलो. हेल्मेटमधला आवाज बाहेर जात नसेल, अशी माझी कल्पना होती. एका सकाळी लोणावळ्यात रेल्वेचं फाटक पडलेलं. बाराच्या बारा शब्द दोनदा म्हणून झाले, मी तिसऱ्यांदा सुरुवात केली, तेव्हा शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी सावकाश मान वळवली. त्या आमच्याच आळीतल्या निघाल्या. संध्याकाळी आईनं मला दूध दिलं आणि कामाचा फार ताण आहे का असं विचारलं. सिस्टरला हे सांगितलं तर त्या हसून हसून खुर्चीत मागं गेल्या. त्या बाईंना त्यातला एखादा शब्द नवा होता का, तेवढं विचारून ये, म्हणाल्या. महिन्याभरात माझा ठसका गेला हे मात्र खरं.

काळ्या पिशवीशी त्यांचं वैर होतं. एकदा पवनानगरच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर एका मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार नवखा होता. सिस्टरनं पॅडचं पाकीट मागितलं. त्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, दोरा बांधला, काळ्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि इकडंतिकडं बघत पुढं सरकवलं. सिस्टरनं टूथपेस्ट मागितली. ती तो नुसतीच द्यायला लागला, तेव्हा त्यांनी विचारलं, हिला कागद नाही का? हिला कशाला, तो म्हणाला. "मला दात हायेत हे गावाला कळंल की," सिस्टर म्हणाल्या. त्यानं मुकाट्यानं कागद लावला. मग साबण, मग खोकल्याचं औषध, मग कापूस. प्रत्येक वस्तूला कागद, दोरा, काळी पिशवी, गाठ. मागं आठ-दहा गिऱ्हाइकं खोळंबली. सहाव्या वस्तूला दुकानदारानं हात जोडले, पहिली गाठ स्वतःच सोडली आणि पॅडचं पाकीट मोकळं हातात दिलं. ते तसंच काखेत धरून सिस्टर एसटीत बसल्या. कंडक्टर माझ्याकडं बघत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

शाळेत त्यांची वेगळीच तऱ्हा. वयात येण्याचा तो धडा बहुतेक ठिकाणी "घरी वाचून या" म्हणून उरकतात, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. त्या धड्याच्या आठवड्यात सिस्टर शाळेत हजर होत. नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहा, असं सांगितलं तर मुलं लिहीत नाहीत, कारण सर अक्षर ओळखतात. म्हणून सिस्टरच्या वर्गात सगळ्यांनी डाव्या हातानं लिहायचं. जे डावखुरे असतील त्यांनी उजव्या. आणि चिठ्ठी प्रत्येकानं टाकायचीच. प्रश्न नसेल त्यानं एखाद्या भाजीचं नाव लिहायचं. त्यामुळं कोण प्रश्न लिहितंय आणि कोण नुसतं दोडका लिहितंय, हे शेजारच्यालासुद्धा कळत नसे.

पुढं त्या चिठ्ठ्यांवरचं वाकडंतिकडं अक्षर लावून मोठ्यानं वाचणं माझ्याकडं आलं. निम्म्यांवर वांगं, घेवडा, कारलं. उरलेल्यांवर, पाळीत पळालं तर चालतं का? मिशी एकाच बाजूला जास्त का येते? झोपेत जे होतं त्यानं ताकद जाते का? मोबाईलवर दाखवतात ते खरं असतं का? मला अजून कुणीच आवडत नाही, हा आजार आहे का? धरणावर तंबूत राहायला येतात ती नवराबायको असतात का? सिस्टर प्रत्येकाला सारख्याच गांभीर्यानं उत्तर देत. मोबाईलवरचं पिक्चरमधल्या मारामारीइतकंच खरं असतं, तसं कुणी करायला गेलं तर दवाखान्यात जाईल, म्हणत. तंबूतल्या प्रश्नाला म्हणाल्या, "ते मला ठाऊक न्हाई आणि तुला असायचं कारण न्हाई. दोघांची मर्जी हाय का, दोघं मोठी हायेत का, एवढंच बघायचं असतं." एका मुलानं "भेंडी" लिहून पुढं प्रश्नचिन्ह घातलं होतं. त्यावरही सिस्टर दोन मिनिटं बोलल्या.

पण दर वर्गात सगळ्यात जास्त चिठ्ठ्या एकाच प्रश्नाच्या निघत. तुम्ही हे आमच्या घरी सांगाल का? सिस्टर हा प्रश्न सगळ्यांत आधी घेत. "न्हाई सांगणार. फक्त एक सोडून. कुणी तुला त्रास देत असंल, नको तिथं हात लावत असंल, तर मी गप बसणार न्हाई, आणि तेही तुला सांगूनच बोलीन. बाकी माझ्यापाशी आलेलं माझ्यापाशी ऱ्हाईल." मुलं एकमेकांकडं बघत. मी मागच्या बाकाजवळ उभा असे. माझ्या त्या वयात असा शब्द देणारं एकही मोठं माणूस मला भेटलं नव्हतं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता उंचीकडं येतो. उपकेंद्राच्या आतल्या खोलीत भिंतीवर उंचीची पट्टी रंगवलेली होती. डोक्यावर टेकवायला सिस्टर शाळेतून आणलेलं लाकडी डस्टर वापरत. उंच मुलगा आला तर त्या स्टुलावर चढत. पट्टीला पाठ लावून उभं राहिलं की समोरच्या खिडकीतून तिकोना दिसे. शाळा सुटली की रोज दोन-चार मुलंमुली यायची आणि उंची मोजायची आहे म्हणायची. पडदा सरकायचा, दार अर्धं उघडं राहायचं, आणि उंची मोजायला वीस-वीस मिनिटं लागायची. डोक्यावर खडूच्या पांढऱ्या भुकटीचा शिक्का घेऊन मूल बाहेर पडायचं. घरी कुणी विचारलंच तर तो शिक्का पुरे असे. वहीत तारीख, नाव आणि उंची, बाकी काही नाही.

सुरुवातीला मला हे काहीच माहीत नव्हतं. मुलांच्या बाबतीत नवा माणूस तीन महिने नुसता बघायचा, असा सिस्टरचा नियम होता, आणि माझे दोनच झाले होते. गावातली पोरं पोलीस भरतीच्या मागं आहेत, त्यांना उंचीची काळजी आहे, आणि मावळातली जनता आरोग्याबाबत फार जागरूक आहे, असा निष्कर्ष मी काढला. एकदा एक मुलगा लालेलाल चेहऱ्यानं बाहेर आला आणि मला म्हणाला, "अर्धा तास उभं केलं, लय सांगितलं, पण उंची किती ते सांगितलंच न्हाई." तो बिचारा खरोखरच उंची मोजायला आला होता. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग तालुक्याचे साहेब तपासणीला येणार असं कळलं. साहेबांना तक्ते आवडतात हे सगळा तालुका जाणतो. सिस्टर सकाळी वाडीवर लसीकरणाला गेल्या होत्या. मी मोठा कागद घेतला, तीन रंगांची स्केचपेनं घेतली, उंचीची वही उघडली आणि एक तक्ता तयार केला. वर मथळा, "आरोग्याबाबत सर्वाधिक जागरूक किशोरवयीन लाभार्थी". खाली नावं, आणि गेल्या महिन्यात कोण किती वेळा उंची मोजून गेलं ते. पहिल्या तिघांपुढं मी फुलं काढली. तक्ता ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लावला.

सगळ्यात आधी तो पाहिला भाऊंनी. गावातले मोठे शेतकरी, सगळे त्यांना भाऊच म्हणत. विळा लागला म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आले होते. मी इंजेक्शन दिलं आणि अभिनंदनही केलं. भाऊ, तुमची मुलगी पहिली आली, म्हणालो. कशात, त्यांनी विचारलं. उंचीत, मी म्हणालो, नऊ वेळा मोजून गेली. भाऊ तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि सदऱ्याची बाही वर केलेलीच ठेवून निघून गेले. त्यांची मुलगी बारावीला होती. पोलीस भरतीसाठी रोज सकाळी धरणाच्या रस्त्यानं पळायची, मला ती येताना दिसायची. बारावी झाली की लग्न, असं घरात ठरत आलं होतं आणि ती ते पळून पुढं ढकलत होती.

सिस्टर परतल्या तेव्हा साहेब तक्त्याचं कौतुक करत होते. मग त्यांनी वही चाळली आणि विचारलं की हा मुलगा सोमवारी एकशे सदुसष्ट आणि गुरुवारी एकशे चौसष्ट, कमी कसा झाला? "साहेब, परीक्षा जवळ आली होती," सिस्टर म्हणाल्या. साहेबांनी मान डोलावली आणि सही केली.

साहेबांची गाडी वळली तशी सिस्टरनं तक्ता काढला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. आवाज चढवला नाही. आत चल, म्हणाल्या. मला पट्टीखाली उभं केलं, स्टूल घेतलं, डस्टर डोक्यावर टेकवलं. "हनुवटी वर. माझ्याकडं बघू नको. किल्ल्याकडं बघून सांग, कोणी कोणी वाचलं." मी सांगितलं. भाऊंचं अभिनंदन केल्याचंही सांगितलं. आणि तेव्हा मला कळलं की डोळ्यांत डोळे न घालता, ताठ उभं राहून, समोरच्या डोंगराला बघत माणूस जे बोलतो ते खुर्चीत बसून त्याच्या तोंडून निघत नाही.

मग त्यांनी सांगितलं की हे सुरू कसं झालं. पहिला होता भरतीची तयारी करणारा एक जण. खरोखर उंची मोजायला आलेला, आणि डस्टर डोक्यावर असतानाच किल्ल्याकडं बघत म्हणाला की मी आता फार दिवस जगत नाही. झोपेत होणाऱ्या प्रकारानं तो घाबरला होता. हायवेच्या कडेला तंबू टाकून बसलेल्या एका वैद्यानं त्याला सांगितलं होतं की तुझी सगळी ताकद गळून चाललीय. पोरगं महिनाभर कसलीशी कडू पूड खात होतं आणि पळणं सोडून बसलं होतं. सिस्टरनं त्याला सांगितलं की हे सगळ्यांना होतं, तुझ्या बापाला झालं, आजालाही झालं आणि आजा अजून नांगर धरतोय. नाव त्यांनी सांगितलं नाही, ते मला पुढं त्या मुलानंच सांगितलं. तो आता पोलिसात आहे आणि चहाच्या टपरीवर हा किस्सा कुणालाही ऐकवतो. उंची मोजायला गेलं की विचारता येतं, ही गोष्ट त्यानंच हळूहळू मुलांमध्ये पसरवली.

तक्त्यानंतर पुढचे काही दिवस एकही मूल उंची मोजायला आलं नाही.

भाऊ आले ते दुसऱ्याच दिवशी, दुपारी. मी कपाटामागं काहीतरी शोधत असल्यासारखा उभा राहिलो. सिस्टरनं त्यांना बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. चहा विचारला, तो नको म्हणाले.

"पोरगी उंचीला पुरती हे एकदा मोजून कळतंय," भाऊ म्हणाले. "नऊ डाव कशाला? वाढती का ती पावट्याच्या येलावानी? ती कशाला येती, ते मला सांगा."

"ते मी न्हाई सांगणार, भाऊ."

"मी बाप हाय तिचा."

"व्हय. म्हणून तिनं सांगायचं. मी न्हाई."

भाऊंचा चेहरा उतरला आणि मग चढला. उद्यापासून पळणं बंद, म्हणाले. शाळा बंद. कामशेतचं स्थळ सांगून आलंय, त्यांना होकार कळवतो. कायदा मला ठाऊक हाय, अठरा भरली की दुसऱ्या दिवशी बार उडवतो. हे ते सिस्टरला सांगत होते, पण बघत होते माझ्याकडं, आणि मला त्या कपाटात शिरावंसं वाटत होतं. त्या मुलीचं सगळं माझ्या स्केचपेनांनी घालवलं होतं. सिस्टरनं एक शब्द सांगितला असता, साधं काही असतं, खोटंसुद्धा चाललं असतं, तर भाऊ कदाचित शांत झाले असते. त्या बोलल्या नाहीत. एकदा एकाला सांगितलं की नंतर त्या पट्टीखाली कुणीच तोंड उघडणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

"तुमची मोजू का उंची?" त्यांनी विचारलं.

भाऊ दाराकडं वळले होते. पण त्या गावात सिस्टरचं न ऐकण्याची कुणाला सवय नव्हती. त्यांनी चपला काढल्या आणि पट्टीला पाठ लावून उभे राहिले. सिस्टर स्टुलावर चढल्या. डस्टर टेकवलं. हनुवटी वर, म्हणाल्या, आणि किल्ल्याकडं बघा.

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"दोन वर्सं झाली," भाऊ म्हणाले. "माझ्यासंगं बोलत न्हाई ती. आदी लय बोलायची. शाळंतनं आली की माझ्याच मागं. आता आईसंगं कुजबुजती, मी आलो की दोघी गप. मला वाटलं, मोठी झाली, आता बापानं लांबच ऱ्हायाचं आसंल. काय बोलायचं ते कुणी सांगितलंच न्हाई आमाला." मग ते म्हणाले, "तिला कायतरी हुतंय, आन मला सोडून समद्यांना ठावं हाय."

सिस्टरनं डस्टर काढलं नाही. "जिवाला धोका न्हाई. तिनं वंगाळ काय केलेलं न्हाई. एवढंच मी सांगणार. तुमी आलता, हे मात्र मी तिला सांगणार हाय, तिच्यापासनं मी काय लपवत न्हाई. घरी जावा. काय झालं, कशाला गेलतीस, आसं इचारू नका. मी हाय, एवढं म्हणा, आन गप बसा."

"आन तिनं न्हाईच सांगितलं तर?"

"तर न्हाई सांगितलं."

भाऊंनी चपला घातल्या. दारातून वळून त्यांनी उंची विचारली. पाच फूट चार, सिस्टर म्हणाल्या. ते म्हणाले, आधी पाच सहा भरली होती. "तवा ताठ उभा ऱ्हायला असाल," सिस्टर म्हणाल्या. भाऊ निघून गेले, डोक्यावर खडूचा शिक्का तसाच घेऊन.

दुसऱ्या दिवशी धरणाच्या रस्त्यावर मुलगी दिसली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मोटरसायकल हळू चालवू लागलो, परत फिरून बघू लागलो. तंबूवाल्यांची कुत्री तेवढी दिसत. चौथ्या दिवशी मी सिस्टरला म्हणालो की भाऊंच्या घरी जाऊन माफी मागतो. त्यांनी मला बारा शब्दांचा कागद काढून दिला आणि दुप्पट वेगानं म्हणायला लावलं. शब्द काही उपयोगाचे नाहीत हे त्यांनाही कळत होतं. त्याच दुपारी मी आतल्या खोलीत गेलो तर सिस्टर पट्टीखाली उभ्या होत्या, स्वतःच्या डोक्यावर स्वतःच डस्टर धरून, खिडकीबाहेर बघत. त्यांचे ओठ हलत होते. मला बघून त्यांनी हात खाली घेतला. मोजत होते, म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

सोमवारी लसीकरणाचा दिवस. ओट्यावर बायकांची गर्दी, आंब्याखाली त्यांना घेऊन आलेले चार-पाच पुरुष तंबाखू मळत बसलेले. भाऊंची मोटरसायकल अंगणात शिरली. मागं मुलगी बसली होती, पायात पळायचे बूट आणि बुटांना वाळलेला चिखल. ती उतरली, कुणाकडंही न बघता गर्दीतून आत गेली आणि पडदा सरकला. भाऊ बाहेरच थांबले. मी ओट्यावर सुई हातात धरून उभा होतो आणि ज्या बाळाला ती टोचायची होती ते रडायचं थांबून माझ्याकडं बघत होतं.

आंब्याखालच्या एकानं विचारलं, "भाऊ, काय काम काढलं?"

"पोरीचं काम हाय."

"उंची मोजायची का?" दुसरा म्हणाला आणि बाकीचे हसले.

"न्हाई," भाऊ म्हणाले.

पहिल्यानं जरा हळू आवाजात कामशेतच्या स्थळाचं विचारलं. त्यास्नी नको म्हणून कळवलं, भाऊ म्हणाले, तिला पळायचंय अजून. मग तो माणूस मुद्द्यावर आला. बायामाणसांच्या गर्दीत, एवढ्या कामाच्या दिवसांत, लेकीला गाडीवर घालून आणलं, मग असं काम तरी काय आहे?

"तिचं हाय," भाऊ म्हणाले. "मला ठावं न्हाई."

लेकीबद्दल मला माहीत नाही, असं चारचौघांत मान वर करून सांगणारा बाप मी त्याआधी पाहिला नव्हता. पडद्याआड सिस्टरचा आवाज मध्येच थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. किती वेळ लागेल, असं कुणीतरी विचारलं. भाऊंनी गाडी ढकलत सावलीला नेली, स्टँडवर लावली आणि तिच्यावर नीट टेकून बसले.

"लागू दे," ते म्हणाले.